न मानणाऱ्याचं पान

पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर आम्ही जवळजवळ पाऊण तास उभे होतो. बाबांचा दहावा होता. पिंड मांडून झाले होते. त्यांच्यावर दही आणि काळे तीळ घातलेले, आणि बाजूला आईने घरून पाठवलेले दोन बेसनाचे लाडू, बाबांना आवडायचे म्हणून. कावळ्यांना तोटा नव्हता. समोरच्या भिंतीवर चार बसले होते, झाडावर आणखी. त्यातला एक खाली उतरला, पिंडांभोवती तिरपा तिरपा चालला आणि न शिवताच उडून गेला. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. 'आईंना आम्ही बघू.' 'नातीचं शिक्षण पुरं करू.' 'गावच्या घराची काळजी करू नका.' तरी कावळा शिवेना.

तेव्हा नात्यातले एक वडीलधारे माझ्या धाकट्या भावाकडे वळले. भाऊ मागच्या पायरीवर उभा होता. त्याने देवधर्म सोडून पंचवीस वर्षं झाली आहेत. वैकुंठ स्मशानभूमीत बाबांना खांदा दिला तो त्यानेच, अस्थी गोळा करायलाही तोच गेला. पण दहाव्याला बसणार नाही, एवढं त्याने आईला आदल्या दिवशी शांतपणे सांगितलं होतं. म्हणून चुलतभाऊ बसला होता. ते गृहस्थ म्हणाले, "तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा. ये पुढे, हात जोड आणि म्हण, आजपासून मी सगळं करीन. बघ लगेच शिवतो की नाही."

भाऊ पुढे आला. त्याने हात जोडले. बराच वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांशी मी कधी खोटं बोललो नाही. आजही बोलणार नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "ह्याच्यामुळेच अडलंय सगळं." आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं नाही. "दर्भाचा कावळा करू या," ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे." दोन मिनिटांत दर्भाचा कावळा झाला, तो पिंडाला शिवला, आणि मंडळी हातपाय धुऊन गाड्यांकडे निघाली. माझा भाऊ तिथेच उभा होता. मीही तिथेच होते, आणि मी काहीही बोलले नाही.

या न बोलण्याचा सल मला आजही आहे. कारण मी देव मानते. रोज सकाळी ताम्हनात देव धुते, सहाणेवर गंध उगाळते, चतुर्थीला उपास करते. दरवर्षी माउलींची पालखी पुण्यातून निघते तेव्हा दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालते. मी न मानणाऱ्यांपैकी असते, तर त्या दिवशीचा तो शेरा मला परक्यांचा वाटला असता. तो माझ्याच माणसांचा होता. माझ्या श्रद्धेच्या नावाने तो मारला गेला, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी मानणाऱ्याची, म्हणजे माझी होती. म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की धर्म सोडणाऱ्याला घर सोडावं लागता कामा नये. नात्यातली त्याची जागा, पंगतीतलं त्याचं पान, सुखदुःखातला त्याचा हक्क यांची किंमत म्हणून त्याच्याकडून श्रद्धा मागता येणार नाही. आणि हे आम्ही मानणाऱ्यांनी म्हणायला हवं, कारण अडवणूक आमच्या हातात असते.

भावाबद्दल आणखी एक सांगते. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला त्यानंतरची सहा वर्षं दर संकष्टीला त्यांना सारसबागेत न्यायचा तो. कामावरून थेट यायचा, बाबांना स्कूटरवर मागे बसवायचा, आणि त्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वतःचा खांदा देऊन आत न्यायचा. देवासमोर उभे राहिले की बाबा डोळे मिटायचे. हा त्यांच्या पाठीशी हात धरून उभा राहायचा, डोळे उघडे ठेवून, ते पडू नयेत म्हणून. एकदा मी त्याला विचारलं, की तुला मध्ये काही वाटत नाही का? तो म्हणाला, "ताई, त्यांना आत काय वाटतं ते मला दिसतं ना. तेवढ्यासाठी जातो." घाटावर ज्याला 'ह्याच्यामुळे' म्हटलं गेलं तो हा माणूस.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाताला लावला. गोपाळराव जोशांनी ती नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. गुरुवार पेठेतून जाताना त्या चर्चचा उंच मनोरा दिसला की मला नेहमी वाटतं, यातला एकही माणूस धर्म सोडायला निघाला नव्हता. नुसत्या चहाला ही किंमत होती, तर खरोखर सोडणाऱ्याचं काय झालं असेल?

काय झालं ते पंडिता रमाबाईंकडे पाहून कळतं. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या तेव्हा त्यांची विद्वत्ता डोक्यावर घेणारं हे शहर होतं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुंबईत काढलेलं शारदा सदन त्यांनी १८९० मध्ये पुण्यात आणलं. तिथल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला, सल्लागार मंडळ बाजूला झालं, पालकांनी मुली काढून नेल्या. मुली त्यांच्याकडे आपणहून ओढल्या जात होत्या की ओढून घेतल्या जात होत्या, हा वाद तेव्हा होता आणि अभ्यासकांनी तो जरूर करावा. मला त्यातलं वेगळंच डाचतं. काढून नेलेल्या मुलींत विधवा होत्या, आणि त्यांना परत न्यायचं होतं ते ज्या घरांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं होतं त्याच घरांत. बाई धर्मातून जाऊ नये याची काळजी होती. ती धर्मात कशी जगते याची तेवढी नव्हती.

आणि याच शहरात आगरकर होऊन गेले. ते देव मानत नव्हते, हे त्यांनी लपवलं नाही. लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. घरात मात्र यशोदाबाईंच्या देवधर्माच्या आड ते आले नाहीत, असं आजही सांगितलं जातं. मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. मानणाऱ्या गावाने न मानणाऱ्याची तिरडी बांधली, आणि न मानणाऱ्या नवऱ्याने मानणाऱ्या बायकोचे देव तिच्यापाशी राहू दिले. यातली श्रद्धा कुठे होती, हे मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

आता कोणी तिरड्या बांधत नाही. ग्रामण्य हा शब्दही आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. सामाजिक बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य, याचा मला अभिमान आहे. पण आमच्यासारख्या फ्लॅटमधल्या, शिकल्यासवरल्या घरांत जे होतं ते कुठल्याही कलमात बसत नाही. मुंजीची पत्रिका येते, फोन येत नाही. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या वाढदिवसाला कोणी काही लिहीत नाही. पुतणीचं स्थळ फिस्कटलं की 'तिकडचे लोक चौकशी करतातच ना' एवढंच म्हटलं जातं. कुलदैवताला जाताना गाडीत जागा नसते. दरवेळी कारण वेगळं आणि अगदी पटण्यासारखं असतं. दहा वर्षांनी मागे वळून पाहिलं तर एक माणूस कुटुंबातून हळूच उणा झालेला असतो, आणि कोणी काढलं म्हणावं तर कोणीच नाही.

बायकांच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे, आणि यावर बोललंच जात नाही. पुरुष 'मी देव मानत नाही' म्हणाला तरी घरातलं काही थांबत नाही. गौरी येतात, सोळा भाज्या होतात, पुरणपोळी त्याच्याही ताटात पडते. लोक त्याला विचारवंत म्हणतात. बाई तेच म्हणाली की स्वयंपाकघर थांबतं. कारण आपल्याकडे धर्म म्हणून जे घरात चालतं त्यातलं निम्म्याहून अधिक बाईच्या अंगमेहनतीवर चालतं. नैवेद्याचं वेगळं शिजवणं, सोवळ्याची धुणी, फुलवाती, वाण, सवाष्णी सांगणं, आठवड्याच्या कोणत्या दिवशी काय चालत नाही हे ध्यानात ठेवणं. माझ्या ओळखीच्या एका बाईने, चाळिशी उलटल्यावर, सासूबाईंना एवढंच म्हटलं, की आई, यंदा गौरींचं मी करणार नाही, माझा आता विश्वास उरलेला नाही. तुम्ही करा, मी बाजारहाट करीन, भांडी घासीन, पाहुण्यांचं बघीन. यावर घरात जे झालं ते तिच्या नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी जानवं काढून ठेवलं तेव्हा झालं नव्हतं. त्याच्या वेळी सगळे म्हणाले होते, शिकलेला आहे, त्याचे विचार वेगळे आहेत. हिच्या वेळी म्हणाले, कंटाळा करते. तिच्या मनात काही विचार असू शकतो, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईच्या अश्रद्धेला आपण अश्रद्धासुद्धा म्हणत नाही, आळस म्हणतो. तिचा हा अपमान मला तिच्या न मानण्याहून फार मोठा वाटतो, आणि मी मानणारी बाई म्हणून हे म्हणते आहे.

इथे मला माझ्याच लिहिण्याला थोडं थांबवावं लागेल. मी जे सोडणं म्हणते आहे ते आत बसलेल्या माणसाचं सोडणं आहे. ज्यांना आत घेतलंच नाही त्यांचं सोडणं वेगळं. आम्ही लहानपणी सुट्टीत सकाळी पायऱ्या चढून पर्वतीला जायचो. त्याच पर्वतीच्या मंदिरात जाण्यासाठी १९२९ मध्ये सत्याग्रह करावा लागला, आणि सत्याग्रहींना दगडांचा मार खावा लागला, हे मला मोठेपणी कळलं. १९३५ मध्ये बाबासाहेब येवल्याला बोलले, १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतर झालं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, पुण्याच्या वेशीवर देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. आजही त्या दिवशी तिथे माणसांची रीघ लागते. माझी एक सहकारी दरवर्षी पांढरी साडी नेसून जाते. एकदा मी भाबडेपणाने तिला म्हटलं, आजीला जुने देव सोडताना जड गेलं असेल ना? ती म्हणाली, "आजी म्हणायची, देव सोडायला देवळात तर जाऊ द्यायला हवं होतं." त्यानंतर मी 'धर्मांतर का करतात लोक' या चर्चेत तोंड घालत नाही. ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांना 'घर का सोडलंत' हे विचारण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आणखी एक सोडणं पुण्यानेच पाहिलं, आणि त्याची आठवण मला फार मोलाची वाटते. २२ मार्च १९७० ला हमीद दलवाईंनी इथे मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्या नावाकडे मी पुन्हा पुन्हा पाहते. त्यात दोन शब्द एकमेकांना घट्ट धरून आहेत. मी प्रश्न विचारणार, आणि तरी मी तुमच्यातलाच आहे. दलवाईंना समाजाने फार सुनावलं. ते समाज सोडून गेले असते तर त्यांना कदाचित सोपं झालं असतं, पण ते गेले नाहीत. १९७७ मध्ये ते वारले तेव्हा धार्मिक विधी न करता आपलं दहन करावं, असं त्यांनी लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे श्रद्धा नव्हती, आणि माणसं सोडलेली नव्हती. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात, हे आपल्याला कळत का नाही? आपल्या भाषेत 'जातीतला', 'धर्मातला', 'आपल्यातला' हे शब्द एकाच दमात येतात, म्हणून असेल.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर राज्यघटनेचं पंचविसावं कलम सुरूच होतं ते सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यापासून. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य त्याच्यानंतर येतं. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार त्याला धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. पण आपले व्यक्तिगत कायदे धर्माधर्मानुसार विभागलेले, आणि त्यांतून सोडणाऱ्यांच्या वाट्याला अडचणी येतातच. हिंदू वारसा कायद्याचं सव्विसावं कलम पाहा. धर्मांतर करणारा स्वतः वारस राहतो, पण धर्मांतरानंतर त्याला झालेली मुलं हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेचे वारस होऊ शकत नाहीत, वारसा खुला होताना ती हिंदू असल्याशिवाय. आजोबांचं घर नातवाला मिळणार की नाही हे नातवाच्या प्रार्थनेवर ठरावं, हे मला अन्यायाचं वाटतं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लागते, आणि ज्यांच्यापासून जपून लग्न करायचं त्यांना ती वाचायला मोकळी असते. हे बदललं पाहिजे. तरी मला वाटतं, कायदा बदलला तरी घाटावर मागून येणारा तो आवाज कायद्याने थांबणार नाही. तो आमच्याच घरांत थांबवावा लागेल.

आणि घराचा नकाशा आपल्याला कोणी काढून दिलेला नाही असं नाही. जोतीराव फुल्यांनी आयुष्याच्या अखेरीला, पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून, सार्वजनिक सत्यधर्माचं पुस्तक पुरं केलं. ते १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तिला वाटल्यास तो धर्म स्वीकारावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा, आणि या सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने राहावं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. फुलेवाड्यात शाळांच्या सहली येतात, आमच्या शाळेचीही गेली होती. तिथे हे कुटुंब आम्हाला कोणी सांगितलं नाही. आपण फुल्यांचे पुतळे उभारले, त्यांच्या नावाने मंडई आणि कृषी विद्यापीठ ओळखलं, पण त्यांनी दाखवलेल्या त्या चार माणसांच्या घरात राहायला गेलो नाही.

यावर मला नेहमी एक गोष्ट ऐकवली जाते. असं ज्याला त्याला मोकळं सोडलं तर कुळधर्म-कुळाचार बुडतील, पुढच्या पिढीला काही कळणारच नाही. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. आईने शिकवलेल्या आरत्या माझ्या मुलीला अर्ध्याच येतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण मी वारीत पाहिलं आहे. वारीत कोणी हजेरी घेत नाही. यायलाच हवं अशी सक्ती कोणावर नाही, न आलेल्याला दंड नाही. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. चर्मकार वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, नाभिक दाढ्या करून देतात, कॉलेजची मुलं म्हाताऱ्यांचे पाय चेपत बसतात. त्या मुलांत देव मानणारे किती, हे कोणीही विचारत नाही. माझ्या भावानेही एका वर्षी दिवसभर पायांना तेल लावलं आहे. जे मोकळं ठेवलं ते वाढलं. आणि जिथे सोसायटीच्या गणपतीची वर्गणी देखभालीच्या बिलात परस्पर जोडली जाते, जिथे आरतीला न येणाऱ्याच्या पार्किंगवरून कुरबुरी निघतात, तिथे शेवटच्या दिवशी विसर्जनाला चार डोकी जमवायला फोन करावे लागतात. हे मी आमच्याच सोसायटीत पाहते आहे. श्रद्धा धाकाने टिकते असं ज्यांना वाटतं त्यांचा देवावर माझ्यापेक्षा कमी विश्वास असावा.

सोडणाऱ्यांनाही मला एक सांगायचं आहे, आणि तेही तितक्याच कळकळीने. भाऊ बावीस वर्षांचा असताना आईच्या सोळा सोमवारांना पंगतीत सगळ्यांसमोर अडाणीपणा म्हणाला होता. आई काही बोलली नाही. रात्री मोरीत भांडी घासताना ती रडत होती, आणि नळ मोठा सोडला होता, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. ते व्रत तिने त्याच्याच टायफॉइडमध्ये बोललेलं होतं. भावाला हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हापासून तो वाद घालतो, पण कोणाच्या व्रताला हात लावत नाही. आणि याच्या उलटही घरं मी पाहिली आहेत. एका पुरोगामी घरातल्या मुलीला कॉलेजात असताना नामस्मरणाची ओढ लागली, तिने गळ्यात तुळशीची माळ घातली. आयुष्यभर विचारस्वातंत्र्यावर बोललेले तिचे वडील तिच्याशी सात महिने बोलले नाहीत. ती मला म्हणाली, 'काकू, माझ्या घरात देवाला परवानगी नाही.' तिच्या वडिलांनी जे केलं ते आमच्या नातेवाइकांनी घाटावर केलं त्याहून वेगळं नव्हतं. आपल्यासारखं नसलेलं माणूस आपल्या घरात मावत नाही, हीच ती गोष्ट.

यात एक रेघ आखावीच लागते. ज्या श्रद्धेपायी कोणाचा जीव जातो, कोणाची फसवणूक होते, एखादी बाई डाकीण ठरते, तिथे 'ज्याचं त्याचं मत' म्हणून गप्प बसता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत फिरले. देवाधर्माला आपला विरोध नाही, देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यांचं पुष्कळ म्हणणं मला पटत नसे, आणि मी सभेत उठून तसं विचारलंही होतं. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं होतं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला गेले असता त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. ज्या पुलावर ते पडले त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. शिंदे प्रार्थना समाजाचे, म्हणजे देव मानणारे, आणि अस्पृश्यता जावी म्हणून आयुष्य खर्ची घातलेले. ओंकारेश्वराच्या घाटावरून तो पूल समोर दिसतो. बाबांच्या दहाव्याला, कावळ्याची वाट पाहताना, मी बराच वेळ त्याच्याकडेच पाहत होते. एका मानणाऱ्याच्या नावाच्या पुलावर एका न मानणाऱ्याला मारलं, आणि त्या पुलाच्या सावलीत उभं राहून आम्ही माझ्या भावाला दोष देत होतो.

बाबांचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा आईने आधीच सांगून टाकलं, की या वेळी घाटावर जायचं नाही, घरीच करू, आणि तू बसशील. मी, म्हणजे मुलगी. ज्ञान प्रबोधिनीत शिकलेल्या एक पुरोहित बाई आल्या. त्यांनी प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगितला. त्या दिवशी मला बाबांसाठी आपण काय म्हणतो आहोत ते पहिल्यांदा नीट कळलं. घाटावरचे ते गृहस्थही आले होते. त्यांना बोलवावं की नाही यावर मी आईशी भांडले होते. आई म्हणाली, "एकाला ठेवायचं म्हणून दुसऱ्याला काढायचं का?"

भाऊ सकाळी सातलाच आला. देवघराकडे तो गेला नाही, स्वयंपाकघरात गेला. भोपळा चिरला, गवार निवडली, आमसुलाची चटणी वाटली. उडदाचे वडे तळायला मी उठणार तोच त्याने झारा हातात घेतला, कारण मी सोवळ्यात बसलेली आणि आईला तेलाच्या कढईपाशी उभं राहवत नाही. पुरोहित बाईंनी आत डोकावून त्याला वडे मधे भोक पाडून करायला सांगितले, तसे त्याने केले. विधी संपला. कावळ्यासाठी वाढलेलं पान गच्चीवर ठेवायचं होतं. आईचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. भावाने ते पान दोन्ही हातांवर तोलून घेतलं, त्यातली खीर सांडू नये म्हणून तो तीन मजले सावकाश चढला, आणि ठेवून खाली आला. आईने तोवर पाटावर त्याचं पान मांडलं होतं, बाबा बसायचे त्या खिडकीपाशी. तो बसला. त्या गृहस्थांनी त्याच्याकडे मिठाची वाटी सरकवली.

कावळा आला का, ते बघायला गच्चीवर कोणी गेलं नाही.